साठवलेला आकडा माणसाला वाचता येईल असा कसा दाखवायचा

मी गोव्यातल्या डिचोलीत बसून छोटी छोटी सॉफ्टवेअर करते, पतसंस्थेचं पासबुक, देवस्थानच्या सेवेच्या पावत्या, क्लबची वर्गणी, असलं काम. मोठ्या कंपनीतलं काही नाही, पण ह्या कामात एक गोष्ट रोज समोर येते ती म्हणजे डेटाबेसमध्ये आकडा पडलेला असतो आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला शब्द हवे असतात. मी केलेली पहिली पावती छापून आली तेव्हा त्यावर असं होतं:

सेवा: ३
रक्कम: ५०१००
वेळ: १७३५७००४००

कॉम्प्युटरच्या हिशेबाने ह्यात एकही चूक नव्हती. ३ म्हणजे अभिषेक, ५०१०० म्हणजे पैशांत मोजलेले ५०१ रुपये आणि तो लांबलचक आकडा म्हणजे १ जानेवारी २०२५, सकाळचे साडेआठ. पण काउंटरवरच्या काकांनी पावती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "हें कितें बरयलां?", म्हणजे हे काय लिहिलंय, आणि त्यांचं बरोबरच होतं, पाचशे एक रुपये दिलेल्या बाईच्या हातात पन्नास हजार शंभर लिहिलेला कागद देणार कसा?

तेव्हापासून मी जे जे शिकले ते इथे लिहितेय. भाषा कुठलीही असो, पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, जावा, पायऱ्या त्याच, म्हणून कोडच्या जागी साध्या मराठीत पायऱ्या देते, तुम्ही आपापल्या भाषेत उतरवा.

आधी हे पक्कं करा की शब्द साठवायचे नाहीत

पावतीवर "अभिषेक" हवाय म्हणून डेटाबेसमध्येच "अभिषेक" लिहून टाकावं असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. करू नका. एक जण "अभिषेक" टाइप करतो, दुसरा "अभिशेक", तिसरा शेवटी एक स्पेस सोडतो आणि वर्षाअखेरीला किती अभिषेक झाले विचारलं की तीन वेगवेगळे आकडे येतात. रकमेचंही तेच. ५०० आणि ५० हे आकडे असतील तर बेरीज ५५० येते, पण तेच मजकूर म्हणून साठवले असतील तर जावास्क्रिप्ट त्यांना एकमेकांना चिकटवतं आणि ५००५० देतं. क्रम लावतानाही मजकुरातला १० हा ९ च्या आधी येतो कारण तिथे पहिलं अक्षर बघितलं जातं. म्हणून आत आकडाच राहू दे, अगदी छापायच्या क्षणी त्याचा मजकूर करायचा, आणि तो मजकूर परत आत नेऊन ठेवायचा नाही.

कोडवरून नाव

सगळ्यात सोपा प्रकार हा. आकडा एक, नाव एक. इफ-एल्स-इफ-एल्स अशी शिडी लावत बसू नका, सरळ एक तक्ता करा, डेटाबेसमध्ये वेगळं टेबल किंवा कोडमध्ये डिक्शनरी, आणि आकडा देऊन नाव उचला. मेंबरच्या पत्त्यातल्या तालुक्याचं उदाहरण घ्या: १ पेडणे, २ बार्देश, ३ तिसवाडी, ४ डिचोली, ५ सत्तरी, ६ फोंडा, ७ मुरगाव, ८ सासष्टी, ९ केपे, १० सांगे, ११ काणकोण. गोव्यात पूर्वी तालुके अकराच होते, मग धारबांदोडा बारावा झाला. आता हा बारावा तालुका यादीत कुठे घालायचा? कोणी म्हणेल फोंड्याच्या बाजूला घाला, कोणी म्हणेल अकारविल्हे लावा, आणि एखादा उत्साही माणूस सगळे नंबर नव्याने देऊन मोकळा होतो. तसं केलं की सांग्यातली जुनी माणसं एका रात्रीत दुसऱ्याच तालुक्यात जातात, कारण त्यांच्या रेकॉर्डमध्ये तर १० च लिहिलेलं आहे ना. एकदा दिलेला नंबर बदलायचा नाही. धारबांदोड्याला १२ द्या, आणि स्क्रीनवर यादी कुठल्या क्रमाने दिसावी ह्यासाठी "क्रम" नावाचा वेगळा कॉलम ठेवा.

तक्त्यात नसलेला आकडा आला तर काय, हे आधीच ठरवा. बरेच जण तिथे रिकामी जागा सोडतात आणि मग पावती कोरी छापली जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. मी "अज्ञात कोड: १७" असं छापते. दिसायला वाईट दिसतं ते खरं, पण लगेच फोन येतो आणि चूक त्याच दिवशी सापडते. शून्याचं आणि रिकाम्याचंही असंच, शिल्लक शून्य असणं वेगळं आणि शिल्लक माहीत नसणं वेगळं. पहिल्याला "शून्य" लिहा, दुसऱ्याला "नोंद नाही".

कधीकधी एकाच आकड्यात चार गोष्टी कोंबलेल्या असतात. मेंबरने कुठली कागदपत्रं दिली ते साठवायला आधार १, पॅन २, फोटो ४, सही ८ असे दुप्पट होत जाणारे आकडे देतात आणि बेरीज ठेवतात. ११ दिसलं तर मोठ्याकडून सुरू करा: ११ मध्ये ८ आहे, म्हणजे सही आली, उरले ३, त्यात ४ नाही, म्हणजे फोटो राहिला, २ आहे, पॅन आलं, उरला १, आधार आलं. सगळी नावं एका यादीत गोळा करा, शेवटच्या नावाच्या आधी "आणि" लावा, बाकीच्यांत स्वल्पविराम, "आधार, पॅन आणि सही". माणूस बोलतो तसं वाचायला येतं.

रुपये

रक्कम नेहमी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. दशांशात ठेवली की कॉम्प्युटर दगा देतो, कारण तो आतून दोनच्या पटीत मोजतो आणि ०.१ सारखा साधा आकडाही त्याला तंतोतंत धरता येत नाही. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. आणि १९.९९ ला १०० ने गुणून पूर्णांक भाग घेतला तर १९९९ च्या ऐवजी १९९८ हातात पडतो. एक पैसा कुठे गेला म्हणून मी एकदा अख्खी दुपार शोधत बसलेली आहे, तुम्ही बसू नका.

पैशांवरून रुपये काढायचे म्हणजे १०० ने पूर्णांक भागाकार करायचा, बाकी राहील ते पैसे. इथे दोन खड्डे आहेत. पहिला, १२०५ पैसे म्हणजे १२ रुपये ५ पैसे, पण तुम्ही भागाकार, टिंब आणि बाकी असं नुसतं जोडलं तर १२.५ छापलं जातं आणि वाचणारा ते साडेबारा रुपये समजतो. बाकी एकअंकी असेल तर तिच्या आधी शून्य लावा, १२.०५. दुसरा खड्डा वजा रकमेचा. उणे ५० पैशांना पायथनमध्ये १०० ने पूर्णांक भागलं तर भागाकार उणे १ आणि बाकी ५० येते, म्हणजे पन्नास पैशांचं कर्ज दीड रुपयाचं दिसतं. म्हणून आधी चिन्ह बाजूला काढून ठेवा, उरलेल्या आकड्याचा मजकूर करा, मग चिन्ह लावा. पतसंस्थेच्या कामात तर उणे चिन्ह लावूच नका, "जमा" आणि "नावे" हे शब्द सगळ्यांना कळतात.

स्वल्पविराम आपल्या पद्धतीने हवेत, आधी उजवीकडचे तीन अंक, मग दोन दोन: १२,३४,५६७. बऱ्याच लायब्ऱ्या (म्हणजे तयार कोडचे संच) न सांगता तीन-तीनचे गट करतात, १,२३४,५६७, आणि आपल्याकडचा माणूस तिथे अडखळतो. जावास्क्रिप्टमध्ये इंटल नंबर-फॉरमॅटला लोकेल, म्हणजे भाषा आणि देश, म्हणून मराठी-भारत दिलं की गट बरोबर पडतात आणि अंकही आपोआप देवनागरी येतात. हिंदी-भारत दिलं तर गट तसेच पण अंक इंग्रजी येतात, तेव्हा मराठीच द्या.

आता खरी मेहनत, अक्षरी रुपये. इंग्रजीत वीसच्या पुढे ट्वेंटी-वन, ट्वेंटी-टू असं जोडून चालतं, त्यामुळे नेटवर मिळणारं कोड वीसपर्यंतचे शब्द आणि दहाच्या पटीतले शब्द एवढ्यावरच भागवतं. ते कोड मराठीत आणलं की "पन्नास दोन रुपये" छापलं जातं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. मुलांना शिकवायला ती सोपी पडते का हा वेगळा प्रश्न आणि त्यात मला पडायचं नाही, पण पावतीवर आणि चेकवर लोक "बावन्न" च लिहितात, म्हणून पावतीवर बावन्नच हवं. आणि बावन्न कुठल्याही नियमाने तयार होत नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं "एकोण" करत एकोणनव्वदपर्यंत आलात आणि वाटलं की नियम सापडला, की पुढे नव्याण्णव येऊन बसतो. म्हणून ९९ शब्दांचा पूर्ण तक्ताच द्यावा लागतो. घ्या, इथून कॉपी करा:

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा,
अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस, वीस,
एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
एकतीस, बत्तीस, तेहेतीस, चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,
एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास,
एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ,
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर,
एक्काहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर, सत्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी,
एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद,
एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव

स्वतः टाइप करणार असाल तर चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव ह्या तिघांकडे नीट बघा. तिथे अर्ध्या चंद्रासारखा र लागतो, त्यासाठी नुक्ता असलेला ऱ टाइप करून मग हलन्त आणि य. साधा र वापरला तर रफार वर चढतो आणि "चौर्याऐंशी" होतं, आणि चौर्य म्हणजे तर चोरी. पैशांच्या पावतीवर तो शब्द नको.

तक्ता यादी म्हणून ठेवाल तेव्हा पहिल्या जागेचा नंबर ० असतो, म्हणून यादीच्या सुरुवातीला एक रिकामा शब्द घाला, म्हणजे ५२ नंबरवर बावन्नच मिळेल, त्रेपन्न नाही. मग पायऱ्या अशा:

कोटी = रक्कम भागिले १,००,००,०००, उरलेलं पुढे न्या
लाख = उरलेलं भागिले १,००,०००, उरलेलं पुढे न्या
हजार = उरलेलं भागिले १,०००, उरलेलं पुढे न्या
शेकडा = उरलेलं भागिले १००, उरलेलं पुढे न्या
शेवटी जे उरलं ते थेट तक्त्यातून

सगळे भागाकार पूर्णांक. जो भाग शून्य आला तो अख्खा गाळायचा, शब्दासकट, नाहीतर "एक लाख शून्य हजार" छापलं जातं. १,०७,०५२ घेऊन बघा. लाख १, उरले ७,०५२. हजार ७, उरले ५२. शेकडा ०, गाळला. ५२ तक्त्यातून बावन्न. "एक लाख सात हजार बावन्न रुपये फक्त". शेकड्याला एकशे, दोनशे, तीनशे असं "शे" चिकटवून लिहायचं, पण शेकडा १ असून पुढे काहीच उरलं नसेल आणि मागेही काही नसेल, म्हणजे रक्कम नुसती १०० असेल, तर "शंभर" लिहा. बोलताना आपण दीडशे, अडीचशे म्हणतो पण पावतीवर एकशे पन्नास, दोनशे पन्नासच बरं, अक्षरी रकमेत शंकेला जागा नको. कोटीचा आकडा ९९ च्या वर जाणार असेल तर त्या आकड्यासाठी हेच फंक्शन परत बोलवा, एकशे पंचवीस कोटी आपोआप येईल. आणि रक्कम नुसती १ असेल तर "रुपया" लागतो, बाकी सगळीकडे "रुपये". शून्याला सुरुवातीलाच वेगळं पकडून "शून्य रुपये" परत द्या, नाहीतर सगळे भाग गाळले जातील आणि पावतीवर नुसतं "रुपये फक्त" उरेल.

तारीख आणि वेळ

पावतीवरचा तो १७३५७००४०० म्हणजे १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे, गेलेले सेकंद. जावास्क्रिप्ट तेच मिलिसेकंदांत मोजतं, म्हणून आकडा तेरा अंकी दिसला तर आधी १,००० ने भागा. मजकूर करण्याआधी त्यात १९,८०० मिळवायचे, ते आपले साडेपाच तास. लायब्ररी वापरत असाल तर हाताने मिळवू नका, तिला एशिया-कोलकाता हा टाइमझोन सांगा, पण ह्यातलं एक काहीतरी करा.

का सांगते ते ऐका. जत्रेच्या रात्री देवस्थानचा काउंटर रात्रभर उघडा असतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत टाइमझोन राहून गेला होता, आणि मध्यरात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत फाडलेल्या सगळ्या पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडली. दिवसा कधीच दिसली नसती अशी चूक, कारण सकाळी साडेपाचनंतर ग्रीनिचची आणि आपली तारीख एकच असते. दुसऱ्या दिवशी रोख मोजायला बसलेल्या माणसांचा हिशेब काही केल्या जुळेना, पैसे बरोबर, पावत्यांची संख्या बरोबर, दोन दिवसांची वाटणी मात्र चुकलेली.

१९७० च्या आधीच्या तारखा उणे आकड्यात येतात हे ध्यानात ठेवा, पतसंस्थेच्या मेंबरांत त्याआधी जन्मलेले कितीतरी जण असतात. गोवा मुक्तीचा दिवस घ्या, १९ डिसेंबर १९६१. १ जानेवारी १९७० पासून तो २,९३५ दिवस मागे आहे, म्हणजे दिवसांत उणे २,९३५. ज्या प्रोग्रॅममध्ये "उणे आकडा म्हणजे तारीख भरली नाही" असं धरलंय तिथे त्या दिवशी जन्मलेल्या माणसाला जन्मतारीखच नाही. वार काढतानाही इथेच फसायला होतं. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, म्हणून दिवसांत ४ मिळवून ७ ने भागून बाकी घ्यायची, ० रविवार, १ सोमवार असं. उणे २,९३५ अधिक ४ म्हणजे उणे २,९३१, त्याची बाकी पायथन २ देतं, मंगळवार, बरोबर. जावास्क्रिप्ट आणि जावा मात्र उणे ५ देतात आणि वारांच्या यादीत उणे पाचवी जागाच नाही. बाकी काढली की ७ मिळवा आणि परत ७ ने बाकी घ्या, सगळीकडे चालतं.

महिन्यांच्या बाबतीत, जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी ० आणि डिसेंबर ११. वारांत रविवार ०. पायथनच्या वीक-डे मध्ये मात्र सोमवार ०. कुठल्याही लायब्ररीवर भरवसा ठेवण्याआधी आजची तारीख छापून भिंतीवरच्या कालनिर्णयाशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक्सेलची भानगड वेगळी. तिथे तारीख म्हणजे १९०० पासूनचे दिवस. एखाद्याने मेंबरांची यादी पाठवली आणि जन्मतारखेच्या खाली २२६३४ लिहिलेलं आलं तर घाबरू नका, तो आकडा म्हणजे १९ डिसेंबर १९६१ च आहे, फक्त सेलचा फॉरमॅट गेलाय. २५,५६९ वजा करा, १९७० पासूनचे दिवस मिळतात. मग पुढे वरचंच गणित. एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं, लोटस १-२-३ ह्या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक तशीच ठेवलीय, पण मार्च १९०० नंतरच्या तारखांना २५,५६९ हा आकडा बरोबर लागू पडतो.

तिथीचं विचारतात लोक, चवथ (गणेश चतुर्थी) कधी ते सॉफ्टवेअर सांगेल का म्हणून. ते भागाकार-बाकीने निघत नाही, पंचांगातून घेऊन तक्ताच भरावा लागतो, दरवर्षी.

वेळ मराठीत बोलल्यासारखी दाखवायची असेल तर मजा आहे, आणि आरतीच्या फलकावर ती फार छान दिसते. मध्यरात्रीपासूनची मिनिटं साठवली असतील, समजा ८७०, तर ६० ने भागून १४ तास ३० मिनिटं, १४ मधून १२ वजा, दुपारचे २ वाजून ३०. आता ३० मिनिटांना "साडे" लावायचं, पण साडेएक आणि साडेदोन म्हणत नाहीत, तिथे दीड आणि अडीच, म्हणून ही दोन आधी तपासा. १५ मिनिटांना "सव्वा", सव्वादोन, सव्वातीन, पण एक वाजून पंधराला नुसतं सव्वा. ४५ ला "पावणे" आणि पुढचा तास, पावणेतीन, पण पाऊणला पुढचा तास एक असतो म्हणून तिथे नुसतं पाऊण. आणि एक, सव्वा, दीड, पाऊण ह्यांना "वाजला", बाकी सगळ्यांना "वाजले". बाकीची मिनिटं "दोन वाजून दहा मिनिटं" अशी सरळ.

जे आकडे नाहीतच

हे थोडक्यात, पण महत्त्वाचं. गोव्याचा एसटीडी कोड ०८३२. तो आकडा म्हणून साठवला की पुढचं शून्य गेलं, ८३२ उरलं. फोन, आधार, खाते क्रमांक, पिन कोड, ज्यांची बेरीज कधीच करणार नाही ते सगळं मजकूर म्हणून साठवा. जमिनीचे सर्व्हे नंबर तर खासच, एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावरचा १२/३ एक्सेलमध्ये टाइप केलात तर तो तारीख होऊन बसतो, आणि नंतर सेल मजकुराचा केलात तरी आत तारखेचा आकडाच उरतो, सर्व्हे नंबर परत येत नाही. टाइप करण्याआधीच अख्खा कॉलम मजकूर म्हणून सेट करा.

देवनागरी अंक, जाताना आणि येताना

लायब्ररी नसेल तर हाताने करायला सोपं आहे. कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी ० चा कोड ४८, ९ चा ५७. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा २४०६, ९ चा २४१५. फरक २३५८. प्रत्येक अंकाच्या कोडमध्ये २३५८ मिळवले की देवनागरी अंक. फक्त ४८ ते ५७ मधल्यांनाच मिळवा, टिंबाला आणि स्वल्पविरामाला नाही.

उलट दिशेने जास्त जपा. मराठी कीबोर्ड लावून कोणी ५०० असं देवनागरीत भरलं तर पायथनचं इंट ते बरोबर पाचशे धरतं. जावास्क्रिप्टचं नंबर "हा आकडा नाही" असं सांगतं, ते तरी ठीक. पीएचपीत पूर्णांकात बदललं की गुपचूप ० येतं, एरर नाही, काही नाही, पाचशेची देणगी शून्य म्हणून जमा. म्हणून फॉर्ममधून काहीही आत घेताना पहिल्यांदा देवनागरी अंकांचे इंग्रजी करून घ्या, मगच पुढचं सगळं.

मोजदाद दाखवतानाही मराठी जपा, "१ पावत्या" असं लिहू नका. पावती-पावत्या, महिना-महिने, तास-तास, नारळ-नारळ, प्रत्येक शब्दाचं एकवचन आणि अनेकवचन दोन्ही तक्त्यात ठेवा, नुसतं शेवटी काहीतरी चिकटवून मराठीत भागत नाही. पहिला-दुसरा-तिसरा-चौथा हेही तक्त्यातच, पाचपासून पुढे "वा" चालतं, आणि पुढचा शब्द बघून पहिली पावती, पहिला हप्ता, पहिलं कर्ज.

छापण्याआधी

डेटाबेस, फाइल आणि प्रोग्रॅम तिन्ही युटीएफ-८ मध्ये आहेत का बघा, युटीएफ-८ म्हणजे अक्षरं साठवायची एक पद्धत, एन्कोडिंग. एक जरी जुन्या एन्कोडिंगमध्ये राहिलं तर "अभिषेक" च्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, "रुपये" ह्या एवढ्याशा शब्दाला १५ लागतात, त्यामुळे रुंदी बाइटमध्ये मोजणारा कॉलम असेल तर अक्षरी रक्कम अर्ध्यावर तुटते. पावतीच्या छोट्या थर्मल प्रिंटरमध्ये बऱ्याचदा देवनागरी नसतेच, तिथे मजकुराचं चित्र करून पाठवावं लागतं.

मग हे आकडे घालून प्रत्येकाची पावती काढा: ०, १, १९, ५२, ८४, ९९, १००, १०१, ९९९, १,०००, १,००१, ९९,९९९, १,००,०००, १,००,००१, १,००,००,०००. आणि पैशांसाठी ५ पैसे, ५० पैसे. स्क्रीनवर बघून सोडू नका, कागदावर छापा आणि ज्याने कोड बघितलेलं नाही अशा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. मी अजूनही त्याच काकांकडे जाते, चष्मा लावून ते एकेक पावती वाचतात, आणि जिथे क्षणभर थांबतात तिथे मी खूण करून ठेवते.